टिपाडातलं डिझेल टाकीत जातं कसं? पंप, फिल्टर आणि हवेचा दाब



आठवीच्या सामान्य विज्ञानात 'बल व दाब' हा पाठ आहे. हवेचा दाब, द्रवाचा दाब, घनता, सगळं त्यात येतं. मुलं व्याख्या पाठ करतात, गणितंही सोडवतात. आपला लातूर पॅटर्न त्यासाठीच प्रसिद्ध आहे! पण हाच मुलगा शेतात गेला आणि वडील म्हणाले, "बाळा, जरा टिपाडातून डिझेल काढ", तर तो काय करतो? नळीचं एक टोक टिपाडात घालतो, दुसरं तोंडात धरतो आणि ओढतो. औसा, निलंगा, उदगीर, मुखेड, कंधार, लोहा, कुठल्याही तालुक्यात जा, हे दृश्य नवीन नाही.

म्हणून आज एका साध्या यंत्राबद्दल लिहितोय. हातात उचलून नेता येणारा डिझेल पंप आणि त्याला जोडलेले फिल्टर. हार्वेस्टरवाल्यांकडे, जेसीबीवाल्यांकडे, बोअरच्या गाड्यांवर आणि आता काही शेतकऱ्यांकडेही तो दिसतो. दिसायला छोटी मोटर, दोन पाइप आणि एकदोन डबे. पण त्यात विज्ञानाचे निदान पाच पाठ आहेत. आणि तो समजून घेतला तर पोराचं फुप्फुस आणि ट्रॅक्टरचा पंप, दोन्ही वाचतात.

डिझेल आपल्या शेतापर्यंत येतं कसं?

मनमाडजवळ पानेवाडी आणि सोलापूरजवळ पाकणी इथे तेल कंपन्यांची मोठी साठवण केंद्रं आहेत. तिथून टँकर भरून पेट्रोल पंपांवर जातात. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला टँकर चालकांनी संप केला, तेव्हा पानेवाडीतून गाड्या निघणं थांबलं आणि दोन दिवसांत गावोगावच्या पंपांवर रांगा लागल्या, हे आठवत असेल.

इथपर्यंत डिझेलची काळजी घेणारे लोक असतात. टाकीत पाणी आहे का हे पंपावर तपासतात. घनता मोजून लिहून ठेवावी लागते. डिझेल सोडणाऱ्या मशीनमध्येही फिल्टर असतो. खरा घोळ होतो तो पंपापासून शेतापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात. सोयाबीनच्या काढणीत हार्वेस्टर रोज पंपावर नेता येत नाही. ऊस वाहणारा ट्रॅक्टर, विहिरीवरचं इंजिन, गावातला जनरेटर यांना डिझेल जागेवरच लागतं. मग ते २०० लिटरच्या टिपाडात किंवा ३५ लिटरच्या कॅनमध्ये येतं. कॅन कधी कधी खाद्यतेलाचा असतो, टिपाड कधी रंगाचं असतं.

डिझेल साठवण्याबद्दल कायदा काय म्हणतो, हेही सांगतो. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात डिझेल 'ब' वर्गात येतं. परवान्याशिवाय एका जागी एकूण २५०० लिटरपर्यंत ते ठेवता येतं, पण कुठल्याही एका भांड्यात १००० लिटरपेक्षा जास्त नको. म्हणजे शेतातली एकदोन टिपाडं कायद्यात बसतात. पेट्रोलचं तसं नाही. ते 'अ' वर्गात येतं आणि त्याचे नियम फार कडक आहेत.

टिपाड श्वास घेतं!

"टिपाडाला बूच घट्ट लावलंय, पाणी आत जाईलच कसं?" असं बरेच जण विचारतात. उत्तर उष्णतेच्या पाठात आहे.

डिझेल तापलं की प्रसरण पावतं. तापमान २० अंशांनी वाढलं तर २०० लिटर डिझेल साधारण सव्वातीन लिटरने वाढतं. वरची हवाही फुगते. दुपारच्या उन्हात आतला दाब वाढतो आणि बुचाच्या आट्यांमधून थोडी हवा बाहेर पडते. रात्री टिपाड थंड होतं, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या हवेतली वाफ थंड पत्र्यावर दवासारखी जमते आणि थेंब डिझेलात उतरतात.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. उभ्या टिपाडाच्या वरच्या झाकणावर कड असते. तिच्यात पावसाचं पाणी साचतं आणि बूच त्या पाण्याखाली बुडतं. संध्याकाळी सर आली, टिपाड गार झालं, की ते हवेऐवजी सरळ पाणीच आत ओढतं. म्हणून टिपाड उघड्यावर उभं ठेवू नये. सावलीत, छपराखाली ठेवावं. तेही जमत नसेल तर आडवं ठेवावं. आडवं ठेवताना दोन्ही बुचं घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी आली पाहिजेत, म्हणजे दोन्ही बुचं आतून डिझेलात बुडालेली राहतात आणि हवा आत शिरत नाही.

पाणी आलं की त्याच्यामागे बाकीचेही येतात. पत्रा आतून गंजतो आणि गंजाचे कण सुटतात. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात, त्या थरात काही जिवाणू आणि बुरशी वाढते. फिल्टरवर काळपट, बुळबुळीत थर बसतो तो बहुतेकदा यांचाच असतो. शिवाय आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ आहेच. बूच उघडलं, वाऱ्याची एक झुळूक आली, की झालं.

एवढ्याशा घाणीने काय होतं?

भारतीय मानकाप्रमाणे एक किलो डिझेलमध्ये जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम पाणी आणि २४ मिलिग्रॅम घन कचरा चालतो. हे गणित मुलांकडून करून घ्या. २०० लिटर डिझेलचं वजन साधारण १६५ किलो भरतं. १६५ × २०० = ३३,००० मिलिग्रॅम, म्हणजे ३३ ग्रॅम पाणी. १६५ × २४ = ३,९६० मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम ४ ग्रॅम कचरा. अख्ख्या टिपाडात चहाचा चमचाभर धूळसुद्धा मर्यादेच्या बाहेर जाते! नरसाळं बांधावर ठेवून तसंच उचलून लावलं, तर तेवढी धूळ सहज जाते.

आता इंजिनाकडे बघू. नोझलमधले आणि डिझेल पंपातले घासून फिरणारे भाग एकमेकांच्या इतके जवळ असतात की मधली फट दोनचार मायक्रॉनचीच असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि नुसत्या डोळ्यांना ४० मायक्रॉनच्या खालचं काही दिसत नाही. म्हणजे जी घाण इंजिन खराब करते, ती आपल्याला दिसतच नाही. "डिझेल तर स्वच्छ दिसतंय की" या वाक्याला म्हणूनच अर्थ नाही.

जुन्या इंजिनांचं भागायचं. मिस्त्री यायचा, नोझल खोलायचा, साफ करून बसवायचा. १ एप्रिल २०२० पासून वाहनांना बीएस-६ आलं आणि १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ चे नियम लागू झाले. त्यामुळे मोठ्या ट्रॅक्टरांत कॉमन रेल इंजिनं आली. या इंजिनांत डिझेलचा दाब १६०० बार किंवा त्याहून जास्त असतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या सोळाशे पट. एवढ्या दाबाने निघालेल्या डिझेलात धुळीचा कण असेल तर तो पॉलिश पेपरसारखा धातू खरवडतो. पाण्याचा थेंब असेल तर वंगण तुटतं आणि गंज चढतो. मग नोझल साफ करून भागत नाही, बदलावं लागतं. काढणीच्या ऐन आठवड्यात ट्रॅक्टर उभा राहिला तर दुरुस्तीचा खर्च वेगळा आणि भिजलेल्या सोयाबीनचं नुकसान वेगळं. बँकेचा हप्ता तर थांबत नाही.

नळी तोंडाने ओढतो तेव्हा खरं काय होतं?

मुलांना वाटतं की आपण डिझेल 'ओढतो'. खरं म्हणजे आपण नळीतली फक्त हवा कमी करतो. टिपाडातल्या डिझेलवर वातावरणातल्या हवेचा दाब असतोच. नळीत दाब कमी झाला की बाहेरची हवा डिझेलला नळीत ढकलते. नळी एकदा भरली आणि तिचं दुसरं टोक डिझेलच्या पातळीखाली असलं की धार आपोआप चालू राहते. यालाच वक्रनलिका म्हणतात.

हवेचा हा दाब पाण्याला जास्तीत जास्त १०.३ मीटर उंच ढकलू शकतो. डिझेल हलकं असल्यामुळे ते सुमारे १२ मीटरपर्यंत चढेल. हा झाला पुस्तकातला आकडा. प्रत्यक्षात याच्या बरंच खाली थांबावं लागतं. आपल्याकडच्या विहिरींवर जुने लोक मोटर काठावर न बसवता विहिरीत खाली उतरवून, कट्टा बांधून बसवायचे, ते का? मोटर कितीही ताकदीची असली तरी खालचं पाणी ती ओढत नाही, हवा ते ढकलते आणि हवेची ताकद ठरलेली आहे. शेतकऱ्याला हे सूत्र माहीत नसेल, पण नियम पक्का माहीत होता.

आता धोक्याबद्दल. कृपया हा भाग मुलांना वाचून दाखवा. डिझेल, रॉकेल आणि पेट्रोल पातळ असतात. तोंडात गेलेला घोट चुकून श्वासनलिकेत उतरला तर तो फुप्फुसात पसरतो आणि गंभीर प्रकारचा न्यूमोनिया होऊ शकतो. पोटात गेलेल्यापेक्षा फुप्फुसात गेलेलं थोडंसुद्धा जास्त घातक असतं. असं झालं तर मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी करवू नका. उलटीबरोबर तेच डिझेल पुन्हा श्वासनलिकेत जायची भीती असते. तोंड धुवायला लावा, कपड्यांवर सांडलं असेल तर कपडे बदला आणि लगेच दवाखान्यात न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. मूल तेव्हा बरं दिसत असलं तरी न्या, कारण खोकला, धाप आणि ताप काही तासांनीही सुरू होऊ शकतात.

यंत्राचे भाग, एकामागून एक

हे यंत्र समजून घ्यायचं तर डिझेल ज्या वाटेने जातं, त्याच वाटेने आपणही जाऊ.

पहिला भाग म्हणजे ओढणारा पाइप आणि त्याच्या टोकाची जाळी. जाळी ढोबळ असते. पाचोळा, गंजाचे पापुद्रे, चिंधी असं काही पंपात जाऊ नये एवढंच तिचं काम. पाइपाचं टोक तळाला टेकवायचं नाही, दोन इंच वर ठेवायचं. पाणी आणि गाळ तळाशीच असतो आणि तो तिथेच राहू द्यायचा. टिपाडाला दोन बुचं असतात, एक मोठं आणि एक लहान. मोठ्यातून पाइप घालताना लहानही सैल करायचं. हवा आत आली नाही तर डिझेलला ढकलणार कोण?

दुसरा भाग पंप. या पंपांमध्ये बहुतेक वेळा पात्यांची चकती असते. गोल घराच्या बरोबर मध्यभागी न बसवता ती जरा एका बाजूला बसवलेली असते. चकतीच्या खाचांत सरकती पाती असतात. चकती फिरली की पाती बाहेर सरकून भिंतीला घासत जातात. एका बाजूला दोन पात्यांमधली जागा मोठी होत जाते, तिथे दाब कमी होतो आणि डिझेल आत येतं. दुसऱ्या बाजूला तीच जागा लहान होत जाते आणि डिझेल बाहेर ढकललं जातं. तोंडाने ओढताना आपण जे करत होतो, तेच काम हा पंप करतो, फक्त न थांबता आणि न ठसकता. १२ व्होल्टवर चालणारा साधा पंप मिनिटाला ४० लिटरच्या आसपास देतो. म्हणजे ६० लिटरची टाकी दीड मिनिटात भरते.

पंपातच एक छोटा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. पुढे नोझल बंद केलं आणि मोटर चालूच राहिली तर दाब वाढून पाइप फुटू शकतो. तसं होऊ नये म्हणून हा व्हॉल्व्ह उघडतो आणि डिझेल पंपातच गोल फिरत राहतं. कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखं समजा. पण हे फार वेळ चालू देऊ नये, मोटर तापते.

तिसरा भाग पाणी वेगळं करणारा फिल्टर. इथे घनता आणि पृष्ठताण हे दोन्ही पाठ भेटतात. डिझेलातलं पाणी बारीक थेंबांच्या रूपात असतं. या फिल्टरच्या विशिष्ट धाग्यांमधून जाताना ते थेंब धाग्यांवर अडकतात, एकमेकांना मिळतात आणि मोठे होतात. मोठा थेंब जड असतो, तो खाली वाटीत उतरतो. वाटी पारदर्शक असते आणि तिच्या तळाशी छोटा कॉक असतो. पाणी दिसलं की कॉक उघडून काढायचं. काही फिल्टरांमध्ये वेगळी युक्ती असते. त्यातला पदार्थ पाणी शोषून फुगतो आणि डिझेलची वाट अडवतो. असा फिल्टर गच्च झाला की धार बारीक होते. मग फिल्टर बदलायचा.

थेंब मोठा करणं एवढं महत्त्वाचं का? १०० मायक्रॉनचा पाण्याचा थेंब डिझेलमध्ये तासाला मीटरभर खाली उतरतो. १० मायक्रॉनचा थेंब तासाला जेमतेम सेंटीमीटरभर! आकार दहापट कमी, वेग शंभरपट कमी. म्हणजे टिपाड रात्रभर स्थिर ठेवलं तर मोठे थेंब तळाला जातील, पण बारीक थेंबांना तीन दिवसांहून जास्त लागतील. तेवढा वेळ काढणीच्या हंगामात कुणाकडे आहे? फिल्टर हा वेळ वाचवतो.

चौथा भाग बारीक फिल्टर. घड्या घातलेला विशिष्ट कागद, साधारण १० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण अडवणारा. घड्या का घालतात, हा प्रश्न वर्गात नक्की विचारा. उत्तर क्षेत्रफळाच्या पाठात आहे. छोट्या डब्यात जास्त क्षेत्रफळ बसवायचं तर कागदाला घड्या घालायलाच हव्यात.

क्रम असा का, हेही पाहा. ढोबळ जाळी आधी आणि बारीक फिल्टर शेवटी. उलटं केलं तर बारीक फिल्टर पहिल्याच टिपाडात तुंबेल. घरात आपण पीठ आधी मोठ्या चाळणीने आणि मग बारीक चाळणीने चाळतो ना? तसंच. बारीक फिल्टर पंपाच्या आधी न लावता नंतर लावतात, कारण पंपाच्या मागे ढकलायला फक्त हवेचा दाब असतो, पंपाच्या पुढे मोटरचा दाब असतो. दाट कागदातून डिझेल नेण्याचं काम मोटरवर सोपवणंच बरं. याची एक उणी बाजू आहे. पंपाची पाती पाण्याला घुसळून थेंब आणखी बारीक करतात. म्हणूनच पाइपाचं टोक तळापासून वर ठेवायचं. तळाचं पाणी पंपात गेलंच नाही तर घुसळलं जाणार नाही.

पाचवा भाग मीटर. आत दोन लंबगोल दातेरी चाकं फिरतात. प्रत्येक फेरीत ठरावीक डिझेल पुढे जातं आणि फेऱ्यांवरून लिटर समजतात. भाड्याचा हार्वेस्टर असेल तर हिशोबाचं भांडण मिटतं!

सहावा आणि शेवटचा भाग नोझल, म्हणजे बंदूक. टाकी भरली की ती आपोआप बंद होते, हे मुलांनी पेट्रोल पंपावर पाहिलेलं असतं. तिच्या टोकाजवळ एक बारीक छिद्र असतं. आतून डिझेल अरुंद जागेतून वेगाने जाताना तिथला दाब कमी होतो आणि त्या छिद्रातून हवा ओढली जाते. टाकी भरून डिझेल छिद्रापर्यंत आलं की हवा बंद होते, आतला दाब एकदम आणखी कमी होतो, एक पातळ पडदा खेचला जातो आणि खटका पडतो. ना सेन्सर, ना बॅटरी, सगळं काम दाबाचं.

लातूरला आलेलं पाणी आणि आकाशात उडणारं इंधन

ओढा, ढकला, गाळा हा क्रम लातूरकरांनी फार मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा टँकर डबे होते आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. १२ एप्रिलला पहाटे ती लातूरला पोहोचली. नंतर पन्नास डब्यांच्या, सुमारे २५ लाख लिटरच्या गाड्या आल्या. ते डबे एरवी तेल वाहण्यासाठी वापरले जाणारे होते. राजस्थानातल्या कोटा इथल्या रेल्वे कारखान्यात ते वाफेने आतून स्वच्छ केले आणि मगच त्यात पाणी भरलं. इकडे आल्यावरही ते पाणी थेट नळाला सोडलं नाही, शुद्धीकरण केंद्रातून नेलं. भांडं स्वच्छ हवं आणि शेवटच्या तोंडाशी फिल्टर हवा, हे दोन नियम पाण्यालाही आहेत आणि डिझेललाही. विचार करा, पाण्यासाठी डबा एवढा धुतला, मग रंगाच्या टिपाडात डिझेल भरताना आपण किती धुतो?

दुसरं उदाहरण विमानांचं. विमानाच्या इंधनाबाबत कुणी "चालतंय की" म्हणत नाही. उंचावर गार हवेत इंधनातल्या पाण्याचा बर्फ होतो आणि फिल्टर तुंबतो. म्हणून टाकीच्या सगळ्यात खालच्या बिंदूतून काचेच्या बरणीत नमुना काढून बघतात. तो स्वच्छ आणि चकचकीत हवा. पाणी दिसतं का, हे रंग बदलणाऱ्या रसायनानेही तपासतात. जिथे विमानतळ नाही तिथे हेलिकॉप्टरला टिपाडातूनच इंधन द्यावं लागतं. तेव्हा असाच हातात नेता येणारा पंप आणि फिल्टर लावतात. शेतातलं यंत्र आणि हेलिपॅडवरचं यंत्र यांचं तत्त्व एकच असतं. फरक असतो तो तपासणीच्या शिस्तीचा.

सुरक्षितता: हे टाळू नका

१. डिझेलचा पंप पेट्रोलला कधीही वापरायचा नाही. साध्या मोटरमध्ये कार्बन ब्रशच्या ठिणग्या उडतात. पेट्रोलची वाफ कुठल्याही ऋतूत पेट घेते. पेट्रोलसाठी खास बनवलेले, ठिणगी बाहेर न येणारे पंप वेगळे असतात.

२. "डिझेल पेटत नाही" हा गैरसमज आहे. मानकाप्रमाणे डिझेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस हवा. म्हणजे त्या तापमानाच्या पुढे त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. नांदेडला मे महिन्यात सावलीतच पारा ४२ च्या वर जातो. उन्हातलं टिपाड त्याहून गरम असतं. बिडी, काडीपेटी लांब ठेवा.

३. डिझेल पाइपातून आणि विशेषतः फिल्टरच्या बारीक धाग्यांमधून जाताना घर्षणाने स्थितिक विद्युत तयार होते. केसांवर घासलेल्या कंगव्यासारखीच. ती साठली तर ठिणगी पडते. म्हणून टिपाड, पंप आणि ट्रॅक्टर तारेने एकमेकांना जोडावेत आणि एक तार जमिनीत गाडलेल्या सळईला द्यावी. प्लॅस्टिकचा कॅन गाडीत ठेवून भरू नये, जमिनीवर ठेवून भरावा.

४. पंपाचे चिमटे बॅटरीला आधी जोडा, टिपाडाचं बूच नंतर उघडा. काम झाल्यावर आधी बूच लावा आणि मग चिमटे काढा. चिमटा जोडताना उडणारी ठिणगी उघड्या टिपाडाजवळ नको.

यंत्र नसेल तर?

सगळ्यांकडे हे यंत्र असेलच असं नाही. पण हाताने फिरवायचा टिपाडाचा पंप मिळतो आणि त्यानेही तोंड लावायची वेळ येत नाही. टिपाड आणल्यावर एक रात्र न हलवता ठेवा. तळाचं चारपाच लिटर ट्रॅक्टरमध्ये टाकू नका. वेगळ्या बरणीत काढून निवळू द्या. नरसाळ्याला बारीक जाळी असू द्या आणि नरसाळं पिशवीत झाकून ठेवा. फडक्याने गाळण्याची सवय असेल तर एवढं लक्षात ठेवा की फडकं पाणी अडवत नाही आणि स्वतःचे धागे मात्र सोडतं. ट्रॅक्टरच्या फिल्टरखाली वाटी असेल तर तिच्यातलं पाणी वेळोवेळी सोडा. फिल्टर बदलल्यावर इंजिनाने एअर धरली तर मिस्त्री जी एअर काढतो, ती का काढावी लागते, हेही मुलाला विचारा. हवा दाबली जाते, डिझेल जवळजवळ दाबलं जात नाही. म्हणून नळीत हवा असेल तर पंपाचा दाब नोझलपर्यंत पोहोचतच नाही.

वर्गात करून बघा (डिझेल न वापरता!)

एक: पारदर्शक बाटलीत खाद्यतेल आणि रंगीत पाणी घ्या. जोरात हलवा आणि ठेवून द्या. थेंब कसे जुळतात, आधी कुठले खाली जातात, थर वेगळे व्हायला किती वेळ लागतो, याची नोंद मुलांनी करायची.

दोन: वक्रनलिका तोंड न लावता सुरू करायची. नळी बादलीत पूर्ण बुडवून पाण्याने भरा, एका टोकावर अंगठा दाबून ते बाहेर काढा, बादलीच्या पातळीखाली न्या आणि अंगठा सोडा. नंतर हेच टोक वर उचलून धार कधी थांबते ते बघा.

तीन: पूर्ण भरलेल्या बाटलीच्या झाकणाला फक्त स्ट्रॉएवढं छिद्र पाडा, स्ट्रॉच्या भोवती मेण लावून फट बुजवा आणि पाणी ओढायला सांगा. येत नाही! मग झाकणाला दुसरं छिद्र पाडा. टिपाडाचं लहान बूच का सैल करायचं, ते न सांगता कळतं.

चार: गढूळ पाणी आधी गाळणीतून, मग कापडातून, मग गाळण कागदातून न्या. दुसऱ्या गटाला हाच क्रम उलटा द्या. कुणाचा कागद आधी तुंबला?

पालकांना एकच विनंती आहे. हा लेख मुलासोबत वाचा आणि घरात टिपाड असेल तर दोघं मिळून ते बघा. बूच कुठे आहे, पाणी कुठे साचतं, नळी कुठे ठेवलेली आहे. ती तोंडाने ओढायची नळी त्याच दिवशी कापून टाका. मुलाने कारण विचारलं तर 'बल व दाब'चा पाठ त्याच्याकडूनच समजून घ्या.